लाजिरवाण्या पराभवानंतर पुढच्याच वर्षी विजेता ठरलेला अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल संघ कोणता, आणि त्याच्या प्रशिक्षकाने नेमके काय बदलले?

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे: व्हर्जिनिया विद्यापीठाचा पुरुष संघ, हंगाम २०१८-१९. दुसऱ्या भागाचे उत्तर असे की प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी संघाचा पाया असलेली बचावपद्धत बदलली नाही. मी कॉलेजच्या संघातून खेळलो आहे आणि आता मुलांना बास्केटबॉल शिकवतो. त्यांना पद्धतशीर बचाव समजावून सांगताना मी याच हंगामाचे उदाहरण देतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो पराभव. अमेरिकेत कॉलेजचा हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये ६८ संघांची राष्ट्रीय बाद फेरी खेळवली जाते. तिच्या चार विभागांत प्रत्येकी १ (सर्वांत बलाढ्य) ते १६ (सर्वांत दुबळा) अशी मानांकने असतात. १६ मार्च २०१८ रोजी शार्लट शहरात व्हर्जिनिया, म्हणजे संपूर्ण स्पर्धेतील अव्वल मानांकित संघ, मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेकडून ७४-५४ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत तोवर पहिल्या आणि सोळाव्या मानांकनाचे १३५ सामने झाले होते आणि सोळाव्याला त्यांतला एकही जिंकता आला नव्हता. मध्यंतराला गुण २१-२१ असे बरोबरीत होते. नंतरच्या वीस मिनिटांत प्रतिस्पर्ध्यांनी ५३ गुण केले. व्हर्जिनिया त्या वर्षी अख्ख्या सामन्यात सरासरीने साधारण तेवढेच गुण देत असे. डिआंद्रे हंटर हा त्यांचा महत्त्वाचा खेळाडू मनगटाच्या दुखापतीमुळे बाहेर होता हे खरे, पण एवढ्या मोठ्या फरकाचे ते पुरेसे कारण नाही.

खरे कारण पद्धतीतच दडलेले होते, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. टोनी यांचे वडील डिक बेनेट यांनी घडवलेल्या या बचावाला ‘पॅक लाइन’ म्हणतात. हा मॅन-टू-मॅन, म्हणजे प्रत्येकाने एकेका प्रतिस्पर्ध्याला सांभाळण्याचा, बचावच आहे, पण चेंडू ज्याच्या हातात आहे त्याच्यावर एकच जण दबाव टाकतो आणि उरलेले चौघे बास्केटपासून सुमारे १६ फुटांवरील एका काल्पनिक रेषेच्या आत राहतात. त्यामुळे ड्रिबल करत (चेंडू जमिनीवर आपटत) आत घुसायला वाट सापडत नाही. प्रतिस्पर्ध्याला चेंडू बाहेरच फिरवत ठेवून अखेरीस घाईने, अंगावर हात आलेला असताना, लांबून शॉट घ्यावा लागतो. याची किंमत उघड आहे: एखाद्या दिवशी समोरच्यांचे लांबचे शॉट पडायलाच लागले, तर त्यांना रोखणे कठीण होते. बाल्टिमोरच्या मुलांनी त्या रात्री २४ पैकी १२ थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबच्या कमानीबाहेरून मारायचे तीन गुणांचे शॉट, टाकले. शिवाय व्हर्जिनिया अतिशय संथ खेळत असल्यामुळे पिछाडी भरून काढायला त्यांना मुळातच कमी संधी मिळत.

अशा वेळी प्रशिक्षकावर सगळेच नव्याने मांडण्याचा दबाव येतो. बेनेट यांनी बचाव तसाच ठेवला आणि बदल केले ते चढाईत. चेंडूवर स्क्रीन लावून, म्हणजे चेंडू असलेल्या खेळाडूच्या बचावपटूची वाट सहकाऱ्याने उभे राहून अडवून, खेळण्याचे प्रमाण वाढवले, त्यामुळे टाय जेरोम आणि काइल गाय या दोन्ही गार्डना (चेंडू हाताळत बाहेरून खेळणाऱ्या खेळाडूंना) मोकळीक मिळाली. जेमतेम पावणेसहा फूट उंचीचा किहेई क्लार्क हा पहिल्या वर्षाचा मुलगा त्यांनी भरवशाने मैदानात उतरवला. संकटाचा नीट उपयोग करता आला, तर एरवी जाताच आले नसते अशा ठिकाणी ते आपल्याला नेते, या आशयाचे एक वाक्य त्यांनी खेळाडूंसमोर वर्षभर ठेवले. झालेला पराभव विसरा, असे ते म्हणाले नाहीत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

हंगामाची सुरुवात सलग १६ विजयांनी झाली. पहिली हार ड्यूक विद्यापीठाकडून ७२-७० अशी, आणि दुसरीही ड्यूककडूनच, ८१-७१ अशी, तीही घरच्या मैदानावर. या दुसऱ्या सामन्यात ड्यूकने, ज्यांची लांबून मारण्याबद्दल फारशी ख्याती नव्हती, २१ पैकी १३ थ्री-पॉइंटर टाकले, म्हणजे दुखणे तेच होते. तरीही पद्धत बदलली नाही. परिषदेच्या, म्हणजे आपल्या गटातील विद्यापीठांच्या, स्पर्धेत फ्लोरिडा स्टेटकडून झालेली तिसरी हार हीच शेवटची ठरली.

राष्ट्रीय बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात, सोळाव्या मानांकित गार्डनर-वेबविरुद्ध, ते पुन्हा १४ गुणांनी मागे पडले होते. वर्षभरापूर्वीचे सगळे त्या मुलांच्या डोळ्यांसमोर आले नसेल, हे शक्यच नाही. ७१-५६ असे जिंकून ते त्यातून बाहेर आले, आणि पुढे ओक्लाहोमा व ओरेगन यांना हरवून पर्ड्यूसमोर उभे राहिले.

त्या बचावाची सर्वांत कठोर परीक्षा इथे झाली. पर्ड्यूच्या कार्सन एडवर्ड्सने दहा थ्री-पॉइंटरसह एकट्याने ४२ गुण केले. शेवटचे सहा सेकंद उरले असताना व्हर्जिनिया पिछाडीवर होता. जेरोमचा दुसरा फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा, कोणी न अडवता घ्यायचा एका गुणाचा शॉट) हुकला तेव्हा फरक दोन गुणांचा होता. ममादी डियाकिटेने उंच उडी घेत चेंडू मागे टोलवला, तो थेट मधली रेषा ओलांडून गेला. क्लार्क धावत गेला, चेंडू उचलला, आणि जवळच हात वर करून उभ्या असलेल्या जेरोमकडे न देता लांबवर डियाकिटेकडे अचूक फेकला. डियाकिटेने वेळ संपता संपता तो बास्केटमध्ये टाकला. सामना ७०-७० असा बरोबरीत सुटला आणि अतिरिक्त वेळेत त्यांनी तो ८०-७५ असा जिंकला. पहिल्या वर्षाच्या मुलाने दोन-तीन सेकंदांत घेतलेला तो निर्णय मी माझ्या खेळाडूंना पुन्हा पुन्हा दाखवतो.

ऑबर्नविरुद्धचा उपांत्य सामना आपल्याकडे पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे झाला. घड्याळात ०.६ सेकंद शिल्लक असताना गायला तीन फ्री थ्रो मिळाले, तेव्हा संघ दोन गुणांनी मागे होता. त्याने क्षणभर जर्सीत तोंड लपवले. पहिले दोन टाकल्यावर ऑबर्नने मुद्दाम टाइमआउट घेतला, तरी तिसराही पडला आणि ६३-६२ असा विजय मिळाला. त्याआधी काही सेकंद जेरोमच्या हातून दुहेरी ड्रिबल (ड्रिबल थांबवून पुन्हा सुरू करण्याचा नियमभंग) झाला होता व पंचांनी शिट्टी वाजवली नव्हती. ऑबर्नच्या पाठीराख्यांना ते अजून सलत असेल, तर त्यात गैर काही नाही.

८ एप्रिल २०१९ रोजी मिनियापोलिसमधील अंतिम सामन्यात टेक्सास टेकविरुद्ध हंटरनेच सुमारे बारा सेकंद बाकी असताना थ्री-पॉइंटर टाकून ६८-६८ अशी बरोबरी साधली. तो २७ गुणांवर थांबला, संघ अतिरिक्त वेळेत ८५-७७ असा जिंकला. ३५ विजय, ३ पराभव आणि विद्यापीठाच्या पुरुष संघाचे बास्केटबॉलमधील पहिले राष्ट्रीय विजेतेपद.

हे सारे नशिबाने घडले का, असेही कोणी विचारील. शेवटच्या तीन सामन्यांत नशिबाचा वाटा होता, यात शंका नाही. पण पिछाडीवर असतानाही आपापली जागा न सोडणे ही सवय चार-पाच महिने आणि तीसपेक्षा जास्त सामने खेळून अंगी बाणलेली होती. आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा काही दिवसांत आटोपतात. एखादी पद्धत खेळाडूंच्या अंगवळणी पडावी एवढा वेळ आपल्या मुलांना मिळतच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सामने पाहण्याची इच्छा असेल, तर अंतिम सामन्याआधी गार्डनर-वेबविरुद्धच्या सामन्याचा उत्तरार्ध पाहा. त्या वीस मिनिटांत व्हर्जिनियाने फक्त वीस गुण दिले. चेंडूकडे लक्ष न देता, चेंडूपासून दूर असलेल्या चौघांचे पाय कसे सरकतात तेवढेच पाहत राहा.