कृपादानांच्या फॉर्ममध्ये माझं दान ‘संदेश देणे’ आलं. हे किती खरं मानू आणि आता करू काय?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: ऐरोलीतल्या तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकांनी कृपादानांबद्दल (देवाने माणसाला दिलेल्या देणग्यांबद्दल) रोम १२ वर, म्हणजे बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायावर, शिकवलं आणि सगळ्यांना शंभरेक प्रश्नांचा फॉर्म भरायला दिला. तुमचं पहिलं दान आलं ‘संदेश देणे’, दुसरं ‘दया’. तेव्हापासून सेल ग्रुपमधली (मंडळीच्या छोट्या गटातली) दोन-तीन माणसं तुम्हाला ‘प्रभू माझ्याबद्दल काय म्हणतो’ असं विचारू लागलीत. आणि तुम्ही अन्य भाषांत, म्हणजे प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषांत, बोलत नाही म्हणून एका ताईंनी तुमच्या दानावरच शंका घेतली.

फॉर्म फाडू नका, पण त्याला दहावीच्या मार्कशीटचा मानही देऊ नका. त्यात तुमच्याबद्दल तुम्हीच उत्तरं दिली आहेत, म्हणजे कळली ती तुमची आवड. ‘मला लोकांना सल्ला द्यायला आवडतं’ या वाक्यावर आपल्याकडे पाचपैकी पाच कोण देणार नाही? फॉर्मचा उपयोग करायचाच असेल तर कोरी प्रत घ्या आणि तुमच्याबद्दलची उत्तरं घरच्या एका माणसाला आणि मंडळीतल्या एकाला भरायला सांगा. मंडळीतला माणूस असा निवडा, ज्याने तुम्हाला काम करताना पाहिलंय. तिन्ही फॉर्ममध्ये जे वर येईल ते गंभीरपणे घ्या. फक्त तुमच्याच फॉर्ममध्ये वर आलेलं तूर्त बाजूला ठेवा.

आता शब्दांचा घोळ, कारण तुमची निम्मी अडचण तिथेच आहे. आपल्याकडे दान म्हणजे आपण देतो ते: अन्नदान, रक्तदान. कृपादान उलट दिशेने येतं, ते मिळालेलं असतं, कमावलेलं नसतं. मूळ ग्रीक शब्द ‘खारिस्मा’, आणि तो ‘खारिस’ म्हणजे कृपा यावरून आलाय. दुसरा शब्द ‘संदेश’. रविवारी ‘आजचा संदेश पाळकसाहेब देतील’ म्हणतो तेव्हा आपल्याला प्रवचन म्हणायचं असतं. पण जुन्या मराठी शास्त्रात रोम १२:६ मधलं ‘संदेश देणे’ म्हणजे संदेष्ट्याचं, देवाचं म्हणणं लोकांना सांगणाऱ्याचं, काम. काही नव्या भाषांतरांत तिथे ‘भविष्य सांगणे’ असं येतं आणि मग पंचांग उघडून बसलेल्या गुरुजींचं चित्र डोळ्यांपुढे येतं. पौल या दानाचं काम १ करिंथ १४:३ मध्ये सरळ सांगतो: ऐकणाऱ्याची उभारणी, त्याला उत्तेजन आणि सांत्वन. फ्लॅट कोणत्या सेक्टरमध्ये घ्यावा, हे त्यात कुठेही नाही. तेव्हा फॉर्म भरताना तुम्ही ‘संदेश’ म्हणजे प्रवचन समजून मार्क दिलेत का, ते आधी तपासा. तसं असेल तर तुमचं दान कदाचित शिक्षणाचं किंवा बोधाचं असेल.

याद्या एका बैठकीत वाचून काढा. रोम १२:६-८ मध्ये सात दानं आहेत, १ करिंथ १२:८-१० मध्ये नऊ. त्याच अध्यायाच्या २८ व्या वचनात आठ नावं येतात, त्यांतली काही पुन्हा. इफिस ४:११ मध्ये दानं म्हणून माणसंच दिली आहेत: प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक व शिक्षक. आणि १ पेत्र ४:१०-११ मध्ये दोनच गठ्ठे, बोलणं आणि सेवा करणं. एकही यादी दुसरीशी जुळत नाही, म्हणजे लिहिणाऱ्यांना पूर्ण तक्ता द्यायचाच नव्हता. म्हणून ‘दानं नेमकी किती’ या वादात संध्याकाळ घालवू नका. १ करिंथ ७:७ मध्ये पौल अविवाहित राहण्यालाही खारिस्माच म्हणतो. फॉर्ममध्ये ते दान वर आलं तर किती आया पाळकांना फोन करतील, याचा विचार करा.

ठाण्यातल्या कॅथलिक शेजाऱ्यांशी बोलताना आणखी एक गोंधळ होतो. त्यांच्या धर्मशिक्षणात दृढीकरण (कन्फर्मेशन) संस्काराच्या वेळी पवित्र आत्म्याची सात दानं शिकवतात. ती यशया ११ वरून आलेली: ज्ञान, समज, सल्ला, बळ वगैरे. ती वेगळी यादी आहे. करिंथच्या पत्रातल्या दानांना तेही वेगळं नाव देतात. दोन्ही याद्या एकत्र करून वाद घालू नये.

यादीतला एक शब्द मला फार आवडतो. १ करिंथ १२:२८ मध्ये ‘व्यवस्था पाहणारे’ यासाठी ग्रीकमध्ये ‘कुबेर्नेसिस’ आहे, म्हणजे सुकाणू धरणं. खाडीत भरती-ओहोटी बघून होडी वळवणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. मंडळीत हा माणूस म्हणजे जो शनिवारी रात्री ट्रान्स-हार्बरचा मेगाब्लॉक बघतो, वाशीहून येणाऱ्या वादकांना सव्वा तास आधी निघायला सांगतो, शाळेचा हॉल साडेबाराला रिकामा करायचाय म्हणून प्रभुभोजनाची वेळ पुढे-मागे करतो, आणि अर्पण मोजायला दोन वेगवेगळ्या घरांतली माणसं बसवतो. त्याला कुणी ‘अभिषिक्त’ म्हणत नाही. पण तो आजारी पडला की दोन रविवारांत सगळ्यांना कळतं.

संदेश देण्याचं दान खरंच असेल तर त्याचे नियम १ करिंथ १४ मध्ये आहेत, आणि ते चांगलेच कडक आहेत. एका सभेत दोघांनी किंवा तिघांनीच बोलावं, आणि बाकीच्यांनी ते पारखावं (१४:२९). हे पारखणं खाजगीत होऊ शकत नाही. खरी गफलत इथेच होते. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर ‘प्रभूने मला तुझ्याबद्दल दाखवलं’ असा व्हॉइस नोट गेला की पारखणारं कुणीच उरत नाही. ऐकणारा एकटा आणि घाबरलेला. म्हणून हे पाळा:

मनात आलेलं आधी तारीख घालून लिहा. चार-पाच ओळींत बसत नसेल तर बहुतेक त्यात तुमचंच बरंच काही मिसळलंय. वचनाशी ताडून पाहा. मग मंडळीतल्या दोन वडीलजनांना (मंडळीची जबाबदारी सोपवलेल्या ज्येष्ठांना) सांगा. त्यांनी थांबा म्हटलं तर थांबा. १४:३२ म्हणतं की संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात, त्यामुळे ‘मला आवरलंच नाही’ ही सबब चालत नाही. बोलायची वेळ आली तर दोन-तीन मिनिटांत संपवा, आणि ‘देव म्हणतो’ अशी सुरुवात न करता ‘मला असं जाणवतं, पारखून पाहा’ असं म्हणा. लग्न, नोकरी, पैसे, घर, गर्भ आणि औषधं या सहा गोष्टींवर कुणालाही दिशा देऊ नका. चारचौघांत कुणाचं पाप उघड करू नका. सेल ग्रुपमधल्या त्या मंडळींना सरळ सांगा, ‘मी विचारल्यावर सांगत नाही, तुमच्यासाठी प्रार्थना करीन.’ मागणी तसा पुरवठा सुरू झाला की त्यातला निम्मा माल घरचा असतो.

काही मंडळ्या मानतात की अन्य भाषा आणि संदेश ही दानं प्रेषितांच्या काळाबरोबर थांबली. काहींच्या मते ती आजही चालू आहेत. दोन्ही बाजू १ करिंथ १३:८-१० याच वचनांकडे बोट दाखवतात. तुमची मंडळी काय मानते ते पाळकांना विचारा आणि त्या घरात त्या घराच्या रीतीने वागा.

त्या ताईंच्या शंकेचं उत्तर १ करिंथ १२:३० मध्येच आहे. ‘सगळेच अन्य भाषांत बोलतात काय?’ असं पौल विचारतो, आणि त्या प्रश्नाचा सूर ‘नाही’ असाच आहे. जिथे ही भाषा बोलली जाते तिथेही नियम आहे: दोघे किंवा फार तर तिघे, एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा असेल तरच. नसेल तर मंडळीत गप्प राहून देवाशी बोलावं (१४:२७-२८). बाहेरचा माणूस आत आला आणि सगळे एकदम बोलत असले तर तो तुम्हाला वेडे म्हणेल, हेही त्याच अध्यायात लिहिलंय. एक फरक ध्यानात ठेवा. नवी मुंबईत मल्याळी पाहुण्याचं प्रवचन मराठीत आणणारी बहीण जे करते ते शिकलेलं कौशल्य आहे, ‘भाषांचा अर्थ सांगणे’ हे दान नव्हे. तरी तिच्याशिवाय निम्मी मंडळी उपाशी परत जाईल.

रोग बरे करण्याबद्दल थोडक्यात, पण जोर देऊन. मूळ शब्द दोन्ही बाजूंनी अनेकवचनी आहेत, ‘बरे करण्यांची दानं’. त्यामुळे कुणाला कायमचा परवाना मिळतो असं मला त्यातून दिसत नाही. त्याच पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी सोडलं (२ तीमथ्य ४:२०) आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. प्रार्थना करा, याकोब ५:१४ प्रमाणे वडीलजनांना बोलावून तेल लावा. पण इन्सुलिन थांबवायला सांगू नका. क्षयाचा साधारण सहा महिन्यांचा कोर्स मध्येच सोडायला सांगू नका. अर्धवट सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि घरातल्यांनाही तोच हट्टी आजार लागू शकतो. ‘तुझा विश्वास कमी पडला’ हे वाक्य आजाऱ्याला कधीच ऐकवू नका. साक्ष द्यायची तर डॉक्टरांचा रिपोर्ट आल्यावर. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराचा दावा करून पैसे काढणाऱ्याला ‘हे आमचं कृपादान आहे’ म्हणून त्यातून सुटता येत नाही.

आता तुमचं दुसरं दान, दया. मी तुमच्या जागी असतो तर सुरुवात इथूनच केली असती. एक तर ते पारखायला सोपं आहे, आणि चुकलात तरी कुणाचं घर मोडत नाही. खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. तिथे लांबून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक महिनोन्महिने भाड्याच्या खोल्यांत राहतात. मंडळीला त्यांच्यातल्या कुणाची माहिती असेल तर भेटीला जा, पण आधी विचारून. स्वतःला साधी सर्दी असली तरी जाऊ नका. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात आणि तुमची सर्दी त्यांना महागात पडते. फुलं आणि कापलेली फळं नेऊ नका. पलंगावर बसू नका, खुर्ची ओढून डोळ्यांच्या उंचीला बसा. दहा-पंधरा मिनिटं पुरे. ‘कितवी स्टेज?’ हा प्रश्न तुमचा नाही, आणि ‘आमच्या मावशीला पण हेच होतं’ ही गोष्ट तर नकोच. प्रार्थना करू का, हे विचारा. हो म्हटलं तर एक-दोन मिनिटांची, हळू आवाजात. बाजूच्या खोलीतल्याला प्रवचन ऐकवायचं नाही.

बाहेर पडताना नातेवाइकाला ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका, कारण तो सांगणार नाही. ‘गुरुवारी मी सकाळी रांगेत उभा राहतो, तुम्ही दोन तास झोपा’ किंवा ‘रिपोर्टच्या झेरॉक्स मी काढून आणतो’ असं ठरलेलं काम बोला. रोम १२:८ मध्ये दया करणाऱ्याने ती हर्षाने करावी, असं आहे. उगाच नाही. पडलेल्या चेहऱ्याने आलेला पाहुणा गेला की आजाऱ्यालाच त्याचं सांत्वन केल्यासारखं थकायला होतं.

हे बारा आठवडे करा, आठवड्याला एक भेट. वहीत तीनच गोष्टी लिहा: तारीख, काय केलं, आणि त्या घराने पुन्हा बोलावलं का. तिसऱ्या रकान्याकडे लक्ष द्या. दान कुणाला मिळालंय हे घेणाऱ्याला देणाऱ्याच्या आधी कळतं. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये विधवांच्या रोजच्या वाटपात कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी लोकांनाच सांगितलं, तुमच्यातून सात माणसं निवडा, ज्यांच्याबद्दल चांगलं बोललं जातं. फॉर्म कुणी भरला नव्हता. बारा आठवड्यांनंतर पाळकांबरोबर अर्धा तास बसा. तुम्ही दमलात पण जड वाटलं नाही, आणि घरं पुन्हा बोलावतात, तर चालू ठेवा. प्रत्येक वेळी जाण्याआधी पोटात गोळा येत असेल आणि कुणी पुन्हा विचारत नसेल, तर दुसरं काम घ्या. त्यात नापास होण्यासारखं काही नाही.

दोन खड्डे मात्र सांगून ठेवतो. एक, चांगलं काम करणाऱ्याच्या गळ्यात संडे स्कूल, तरुण संघ, गायन आणि खजिनदारी एकदम पडते, आणि वर्षभरात तो मंडळीच सोडतो. एक मुख्य जबाबदारी आणि एक मदतीची, एवढंच घ्या. मुलांमध्ये काम असेल तर खोलीत कायम दोन मोठी माणसं हवीत, कुणाचं दान कितीही मोठं असो. दोन, ‘हे माझं कृपादान नाही’ म्हणून खुर्च्या उचलायला नकार देणारे. खुर्च्या उचलण्यासाठी दान लागत नाही, हात लागतात. येत्या रविवारी उपासना संपल्यावर वडीलजनांशी बोलायचं असेल तर आधी हॉलमधल्या खुर्च्या रचायला हात लावा. त्या वेळी माणसं मोकळी बोलतात, आणि शाळेचा शिपाई किल्ल्या घेऊन दारात उभाच असतो, त्यामुळे बोलणं लांबतही नाही.