बाळाला जन्मतः सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) निघाला पण ओएई टेस्ट (नवजात बाळाच्या कानाची प्राथमिक तपासणी) पास आहे, पुढे काही त्रास होऊ शकतो का?

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याच्या तपासण्या करणारी आहे, त्यामुळे मुख्यतः कानाचंच सांगते. तुम्ही लिहिलंय बाळ दीड महिन्याचं आहे, दिसायला एकदम छान, दुसऱ्या आठवड्यात लघवीच्या पीसीआरमध्ये सीएमव्ही आला आणि ओएई पास झाली, मग आता विषय संपला ना? तर नाही, संपला नाही, पण लगेच घाबरूही नका.

जन्मतः सीएमव्ही असलेल्या दहातल्या साधारण नऊ बाळांना बाहेरून काहीच दिसत नाही आणि त्यातली बहुतेक मस्त वाढतात. पण त्यांच्यातही शंभरात दहा-पंधरा जणांचं ऐकणं कमी होतं आणि गोची अशी की ते जन्मतःच असेल असं नाही, कधी काही महिन्यांनी तर कधी दोन-तीन वर्षांनी सुरू होतं, बरेचदा एकाच कानात, आणि मग वाढत जातं. ओएई फक्त आजचं सांगते हो! आता एकदा बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी टेस्ट) करून घ्या, पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-सहा महिन्यांनी तपासणी आणि मग सहा वर्षांचं होईपर्यंत निदान वर्षातून एकदा. घरी आजी ताट वाजवून बघते आणि बाळ वळतं म्हणून सगळे खूश होतात, पण वळायला एक चांगला कान पुरतो. चालायला फार उशीर झाला तर तेही सांगा, या व्हायरसने कानातला तोल सांभाळणारा भागही बिघडू शकतो.

डोकं लहान, कावीळ, प्लेटलेट कमी अशी लक्षणं घेऊन जन्मलेल्या बाळांचं वेगळं, त्यात जवळपास निम्म्यांना कायमचा काही ना काही त्रास राहतो, फिट्स, विकासात उशीर, नजर. त्यांना पहिल्या महिन्यात व्हॅलगॅन्सिक्लोविर हे व्हायरसविरोधी औषध सुरू करून सहा महिने देतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासत. तुमच्यासारख्या केसमध्ये सहसा देत नाहीत.

आणि बाळाच्या आईला कोणी बोल लावत असेल तर सांगा, आपल्याकडे नव्वद टक्क्यांहून जास्त बायकांना हा व्हायरस आधीच होऊन गेलेला असतो, तरीही बाळापर्यंत पोचू शकतो.

पीसीआरचा रिपोर्ट जपून ठेवा, एकवीस दिवसांनंतर केलेल्या टेस्टवरून जन्मतः होता की नंतर झाला ते खात्रीने कळत नाही. बेराचा खर्च जड वाटला तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीमध्ये (लहान मुलांच्या तपासणी-उपचाराचं सरकारी केंद्र) चौकशी करा, मुंबईजवळ असाल तर वांद्र्याची अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे.