वसाहतवादी राजवटीने केलेल्या अत्याचारांची भरपाई मिळाली, तर तो पैसा कोणी आणि कसा सांभाळावा?

माझ्या मते, ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांच्या वारसांच्या सहीशिवाय त्यातला एक पैसाही हलू नये.

आफ्रिकेतला नामिबिया घ्या, तेव्हाची जर्मनीची वसाहत. 1904 ते 1908 मध्ये जर्मन सैन्याने तिथल्या हेरेरो आणि नामा या समाजांच्या लोकांना वाळवंटात हाकललं, छावण्यांत डांबलं. शार्क आयलंड या बेटावरच्या छावणीत तर कैदी बायकांना मेलेल्यांची मुंडकी उकळून, काचेच्या तुकड्यांनी खरवडून साफ करावी लागली. कवट्या 'संशोधना'साठी जर्मनीला गेल्या. हे वाचून मला झोप लागली नव्हती.

2021 मध्ये जर्मनीने 30 वर्षांत 110 कोटी युरो देऊ केले, म्हणजे वर्षाला जेमतेम पावणेचार कोटी. त्यालाही 'भरपाई' म्हटलं नाही, विकासनिधी म्हटलं. बोलणी दोन सरकारांत झाली. हेरेरो-नामांच्या अनेक संघटनांनी 'आम्हाला विचारलंच नाही' म्हणून करार नाकारला.

तिथली व्यापारी शेतजमीन आजही बहुतांश गोऱ्यांकडे आहे. म्हणून स्वतंत्र विश्वस्त निधी हवा, त्यात या समाजांचे निवडलेले प्रतिनिधी बहुमतात हवेत, आणि पहिला खर्च जमीन परत घेण्यावर. रस्ते, वीज हे सरकारचं रोजचंच काम, ते या पैशातून कशाला? हिशोब दरवर्षी त्यांच्याच ओट्जीहेरेरो आणि खोएखोए भाषांत गावोगावी वाचला जावा.