‘त्यांच्यातला’ मित्र

“साधा होता हो आमचा मुलगा. त्या पोरांच्यात गेला आणि पार बदलला.” समुपदेशनाच्या कामात हे वाक्य मला वर्षभर ऐकू येतं, पण गणपतीच्या आधीचे दोन महिने जरा जास्तच. कुणाचा मुलगा ढोल-ताशा पथकात, कुणाची मुलगी कॉलेजच्या एकांकिकेत, कुणाच्या सोसायटीत ए विंग आणि बी विंगची पोरं एकमेकांचे बॉल परत देत नाहीत. प्रश्न एकच: घरात समजूतदार असलेलं पोर तिकडे असं का वागतं, आणि आम्ही त्याला तिथून काढायचं का?

ओंकारची आई २०२४ च्या पावसाळ्यात हाच प्रश्न घेऊन आली. (नाव आणि खुणा अर्थातच बदलल्या आहेत.) ओंकारचं पथक आदल्या वर्षी फुटलं होतं. सुपारी कुठल्या मंडळाची घ्यायची यावरून सुरू झालेलं भांडण ध्वज कुणी धरायचा इथपर्यंत गेलं आणि अर्ध्या पोरांनी नवं पथक काढलं. दोन्ही पथकांच्या पत्र्याच्या शेड मात्र पुण्यात नदीपात्रालगत शेजारी-शेजारी, सरावाची वेळही तीच. खालच्या मजल्यावरचा सिद्धेश, बालवाडीपासूनचा मित्र, नव्या पथकात गेला. मग स्टेटसवरचे टोमणे, एका रात्री कुणीतरी ढोलाचं पान फाडलं, आणि शेवटी हाणामारी. ओंकारच्या भुवईवर टाके होते.

“मी त्याला पथक सोडायलाच सांगितलंय,” आई म्हणाली.

मी त्यांना तेवढं थांबायला सांगितलं. एकोणीस वर्षांच्या मुलाला ‘आपली माणसं’ लागतात. ती तोडायला गेलात तर तो तुमच्याशी खोटं बोलून तिथेच जाईल, आणि आधीपेक्षा कडवा होऊन जाईल.

ओंकारशी बोलताना मी विचारलं, “सिद्धेशने तुझं काय केलं?”

“त्याने नाही. त्यांनी.”

“मारलं तेव्हा तो होता?”

“नव्हता. पण त्यांच्यातलाच ना तो.”

बस. सगळं दुखणं या एका उत्तरात आहे. लोक मला स्वभाव, राग, संस्कार यांबद्दल विचारतात. माझा कल वेगळा आहे. मी मुलापेक्षा आधी मांडणी बघते. मुजफ्फर शेरीफ या तुर्कस्तानात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात २२ मुलांचं शिबिर घेतलं. मुलं अकरा-बारा वर्षांची, चांगल्या घरातली, एकमेकांना अनोळखी. त्यांचे दोन गट केले आणि बक्षिसाच्या स्पर्धा लावल्या. काही दिवसांतच झेंडे जाळले गेले, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी पडल्या. मुलं वाईट नव्हती. एकाने जिंकलं की दुसरा हरलाच, ही रचना वाईट होती. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात त्यापुढचं दाखवलं: अगदी क्षुल्लक कारणावरून गट पाडले तरी मुलं आपल्या गटाला झुकतं माप देतात. पुण्यातल्या पेठांना हे सांगायला ब्रिस्टलहून कुणी यायची गरज नव्हती, ते सोडा.

पथकांच्या ज्येष्ठांनी समेटासाठी एका रविवारी सगळ्यांना मिसळ खायला नेलं. दोन गट दोन टोकांना बसले आणि बिलावरून पुन्हा वाजलं. शेरीफच्या शिबिरातही एकत्र जेवणं घातली होती. मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. नुसतं एकत्र बसवून वैर जात नाही. नवी संधी मिळते, इतकंच.

मग २५ जुलै आली. खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याने पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत घरांत पाणी शिरलं. इकडे दोन्ही शेडमध्येही पाणी आलं. कुणाचा ढोल हे न बघता पोरांनी अंधारात सगळे ढोल वर काढले आणि एका ओळखीच्यांच्या पार्किंगमध्ये रचले. ओंकारच्या आईचा फोन आला, “मिटलं हो मॅडम!” मी म्हटलं, थोडं थांबा. आठवड्याच्या आत “आमचे दोन ढोल त्यांनी दाबले” सुरू झालं. आई खचल्या. मी नाही, कारण मला हे अपेक्षित होतं. एकदा केलेली मदत पुरत नाही.

पुढच्या भेटीत ओंकार तणतणत आला. “आमचा ठेका चोरलाय त्यांनी.”

“वाजवून दाखव.”

त्याने माझ्या टेबलावर बोटांनी वाजवला. दोन जड, तीन हलके, एक टोला सोडून दिलेला, मग पुन्हा जड. पाण्याचा ग्लास थरथरला. छानच होता.

“बसवला कुणी?”

बोटं थांबली. बराच वेळ तो टेबलाकडे बघत राहिला. “आम्ही दोघांनी. दहावीच्या सुट्टीत, गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावर.”

“मग चोरला कुणी?”

तो हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि मग डोळे पुसत म्हणाला, “त्याच्याशी बोललो तर आमची पोरं मला गद्दार म्हणतील.”

इथे मला जे हवं होतं ते सापडलं. त्याला सिद्धेशचा राग नव्हताच. गटाशी इमान दाखवायला तो मित्राला रोज थोडा थोडा पुसत होता. अशा मुलाला “जा, माफी माग” सांगणं म्हणजे त्याला गटातून बाहेर ढकलणं. त्याला बोलण्यासाठी कारण हवं होतं, आणि ते त्याच्या पोरांनाही पटणारं हवं होतं.

मी एवढंच सांगितलं: त्यांच्यावाचून तुमचं अडतं अशी कामं शोध. कंटाळवाणी असली तरी चालतील.

त्याने शोधली. पार्किंग एकच, टेम्पो एकच, ढोल ताणून देणारे काका एकच. टेम्पोचं भाडं अर्धं-अर्धं, काकांकडे ढोल एकत्र न्यायचे, पार्किंगची किल्ली आलटून पालटून. बोलणी करायला दोन्हीकडून एकेक जण हवा होता. ओंकार गेला, तिकडून सिद्धेश आला. गद्दारीचा प्रश्नच उरला नाही.

३० ऑगस्टला राष्ट्रीय हरित लवादाने पथकातल्या वादकांची संख्या ३० वर आणली, तेव्हा दोन्ही पथकं एका सुरात चिडली. समान शत्रू मिळाला की एकी होते खरी. पण शत्रू हटला की तीही हटते. १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. टेम्पोचा हिशेब मात्र त्यानंतरही एकत्रच राहिला. माझ्या मते खरं काम त्या हिशेबानेच केलं.

पथकं आजही दोन आहेत. ताशा कुणाचा भारी यावर ओंकार तासभर भांडू शकतो, आणि त्यात काही बिघडत नाही.

आईवडिलांनी घरात “ती पोरं तसलीच” म्हणणं आधी बंद करावं. मुलं ते तोंडपाठ करतात. “ते काय म्हणाले” ऐवजी “कोण म्हणालं” असं नाव घेऊन विचारा. समोरच्या गटातला एक तरी मित्र घरी येत-जात राहील असं बघा, पण समेटाची सभा घरात भरवू नका. आणि धमक्या, हत्यारं, पैसे उकळणं यातलं काही कानावर आलं तर मात्र ही सगळी समजूत बाजूला ठेवून त्याच दिवशी पथकाच्या किंवा मंडळाच्या जबाबदार माणसाला गाठा, गरज पडली तर पोलिसांकडे जा.