20 इंची रिम आणि 35 चे टायर घेण्याआधी साइडवॉलवरचा लोडचा आकडा वाचा

तुमची फोर्डची एफ-250 पिकअप, फोर बाय फोर, कंपनीचे टायर 275/65 आर18 (275 मिमी रुंद, साइडवॉलची उंची रुंदीच्या 65 टक्के, रिम 18 इंची), आणि आता तुम्हाला 20×10 ची (20 इंच व्यास, 10 इंच रुंद) मायनस 18 ऑफसेटवाली रिम घेऊन त्यावर 35×12.50 आर20 (35 इंच उंच, 12.50 इंच रुंद) टाकायचेत, ट्रेलरही ओढायचाय. विचारलंय एवढंच की बसतील का आणि घासतील का. बसतील, आणि थोडी कापाकापी केलीत तर घासायचेही थांबतील, पण ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे, की हे टायर वजन किती घेतात.

साइडवॉलवर साइजच्या पुढे 123/120 असं काहीतरी छापलेलं असतं, तो लोड इंडेक्स, म्हणजे थेट किलो नाहीत, वजनाच्या तक्त्यातला क्रमांक. त्यातला पहिला आकडा टायर एकटा असताना, दुसरा मागे जोडीने लावलेला असताना. तुमच्या आत्ताच्या ई रेंजच्या (रेंज म्हणजे टायरच्या मजबुतीची श्रेणी, एफ ही ई च्या वरची) टायरवर 123 असणार, म्हणजे एका टायरला 1,550 किलो, 80 पीएसआयला. आता 35×12.50 आर20 बघा, ई रेंजमध्ये बहुतेक ठिकाणी 121 मिळेल, म्हणजे 1,450 किलो, तेही 65 पीएसआयला कारण त्याची कमाल हवाच तेवढी. टायर उंच, रुंद, जड, जास्त पैशांचा, आणि वजन घेतो 100 किलो कमी! कारण वजन रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते, आणि इथे हवेचं प्रेशरच कमी आहे. मागच्या एक्सलला 3,100 चे 2,900 झाले. आता ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर वाचा, त्यावर रिअर जीएडब्ल्यूआर, म्हणजे मागच्या एक्सलवर जास्तीत जास्त किती वजन चालतं ते, लिहिलेलं असतं, ते किलोत करून या 2,900 शी ताडून बघा. टायरचा आकडा खाली गेला तर तो टायर त्या गाडीचा नाही, विषय संपला. (याच साइजमध्ये एफ रेंजचे, 125 चे म्हणजे 1,650 किलोचे टायरही निघतात, 20 वरच अडून बसला असाल तर निदान ते शोधा.)

माझं मत विचाराल तर 18 ची रिम सोडूच नका. 285/75 आर18 घ्या. उंची हिशोबाने 885 मिमी येते, म्हणजे तेच 35 इंच, पण ई रेंजमध्ये त्यावर 129 असतं, 1,850 किलो, 80 पीएसआयला. रुंदी 285 मिमी, 12.50 वाला जवळपास 318 चा. तुमच्या 8 इंची रिमवर आरामात चढतो. आणि ही काही मी शोधून काढलेली युक्ती नाही, फोर्डने 2020 ला सुपर ड्युटीची (एफ-250 याच मालिकेतली) ट्रेमर ही ऑफरोड आवृत्ती काढली तेव्हा 35 साठी हेच माप आणि 18 चीच रिम दिली, सोबत पुढून थोडी उचललेली सस्पेन्शन. रिमच्या मागच्या बाजूलाही कमाल लोड कोरलेला असतो, आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरच्या कंपनीची रिम घेताना तो न वाचता पैसे देऊ नका.

मी स्वतः एकदा 20×10 वापरून बसलोय म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितोय. रिकाम्या गाडीला मस्त वाटायचं. पहिल्यांदा भरलेला ट्रेलर जोडून लांब गेलो, तासाभराने थांबलो आणि सवयीने टायरला हात लावला, तर पुढच्यावर तळहात ठेवता येत होता आणि मागच्यावरून लगेच उचलावा लागला. हवा बरोबर होती, लोडच जास्त होता. शिवाय टायर बॉडीच्या इतके बाहेर की दोन्ही दारांच्या खालच्या भागात खड्यांनी रंगाचे टवके उडवलेले. ते सेट मी नंतर काढलेच.

आता ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर (प्लस) किंवा आत (मायनस) आहे ते, कारण घासणं खरं तर इथून सुरू होतं. तुमची कंपनीची रिम 8 इंची, ऑफसेट अंदाजे प्लस 40. नवीन 10 इंची, मायनस 18. रुंदीमुळे बाहेरची कड 25 मिमी सरकली, ऑफसेटमुळे आणखी 58, एकूण 83 मिमी बाहेर. लोकांना वाटतं टायर बाहेर गेला म्हणजे आत जागा झाली, आता कशाला घासतोय, आणि आत जागा होतेही, साधारण 33 मिमी. पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाक आपल्या जागी नुसतं फिरत नाही, ते पिव्होटपासून जेवढं लांब तेवढा मोठा घेरा घेतं, आणि मग पुढे बंपरच्या कोपऱ्याला आणि मागे फेंडर लायनरला लागतं. तोच लांब दांडा व्हील बेअरिंग आणि बॉल जॉइंटवरही काम करत राहतो. नवीन रिम घ्यायचीच तर 18×9, प्लस 18 च्या आसपास बघा, बाहेर 35 मिमीच जाते. बोल्ट पॅटर्न 8×170 च हवा, म्हणजे 170 मिमी व्यासाच्या वर्तुळावर 8 बोल्ट. रॅमच्या हेवी ड्युटी पिकअपचा 8×165.1, शेवीच्या (शेवरोलेच्या) एचडी पिकअपला 2011 पासून 8×180, कुणी "एट लग आहे, बसेल" म्हणून खपवत असेल तर ऐकू नका.

मीटरचं बोलायचं तर 815 मिमीचा टायर जाऊन 885 चा आला म्हणजे साडेआठ टक्क्यांचा फरक, मीटर 100 दाखवेल तेव्हा तुम्ही 108 च्या पुढे असाल. किलोमीटरही कमी मोजले जातात, म्हणून मायलेज प्रत्यक्षात घटतं त्याहून जास्त घटल्यासारखं दिसतं. फोरस्कॅन या फोर्डच्या गाड्यांची सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने टायरचा घेर बदलता येतो, पण हिशोबाने काढलेला आकडा टाकू नका, टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करून गाडी सरळ एक फेरा पुढे घ्या आणि अंतर मोजा, वजनाखाली टायर थोडा दबतो त्यामुळे खरा आकडा हाच. 3.73 चा एक्सल (गिअर रेशो) असेल तर तो आता 3.43 सारखा वागणार, डिझेलला फारसं जाणवत नाही, पेट्रोलला चढावर ट्रेलर असताना चांगलंच जाणवतं.

नट कंपनीचेच नव्या रिमवर मारू नका. त्यांना खाली सपाट वॉशर असतो आणि आफ्टरमार्केट रिमला बहुतेक वेळा कोनाचे नट लागतात, चुकीचा नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि नंतर ढिला होतो. टॉर्क रेंचने 165 फूट-पाउंड, आणि साधारण 160 किमी झाले की परत एकदा सगळे तपासा, दरवेळी.

टायर चार नाही, पाच घ्या. जुना 32 चा स्पेअर मागे लावून फोर बाय फोर टाकलंत तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) अडकून बसते. घेण्याआधी गाडीखाली झोपून स्पेअरच्या जागेत 885 मिमी मावतात का ते टेपने मोजून घ्या.