पाड्यावरची शेती: आधी बी बघा, मग शिकवा

आरे आणि बोरिवलीच्या जंगलालगतच्या पाड्यांवरून, आणि तिथे मदतीला जाणाऱ्यांकडूनही, दर मे महिन्यात तेच प्रश्न येतात. म्हणून यंदा उत्तरं एकत्रच देतो.

प्रश्न: आमचा गट आरेतल्या वारली कुटुंबांना भातशेती शिकवणार आहे. जुलैतले रविवार चालतील का?
जुलैत लावणी असते. चिखलात उतरून हात लावणार असाल तर या. शिकवायचं असेल तर मार्च-एप्रिलमध्ये जा, आणि आधी पाड्यातल्या जाणत्या बायकांना विचारा. रोहिणी नक्षत्र 25 मेच्या सुमारास लागतं आणि धूळवाफ्यातलं, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरायचं, बी तेव्हाच पडतं. त्यानंतरच्या प्रशिक्षणाचा उपयोग फोटोंपुरताच.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी फुकट वाटलेल्या भाताचं पीक जोरात आलं. त्यातलंच बी ठेवून गेल्या पावसाळ्यात पेरलं, तर काही रोपं उंच, काही बुटकी, निसवणंही (लोंब्या बाहेर पडणं) मागेपुढे. दुकानदार म्हणतो माती खराब झाली.
माती नाही, बी! बहुधा पिशवीवर ‘संकरित’ (दोन वाणांच्या संकराचं बी) छापलेलं होतं आणि वाटणाऱ्यांपैकी कुणी ते वाचून दाखवलं नाही. ‘सह्याद्री’सारख्या संकरित भाताचं बी दरवर्षी नवं घ्यावं लागतं. घरचं ठेवलं तर पुढच्या पिढीत गुण फाटतात. ‘रत्ना’, ‘कर्जत-3’ ही सुधारित वाणं किंवा तुमची गावठी भातं यांचं तसं नाही. भातात स्वपरागीभवन होतं, म्हणजे फुलाला स्वतःचाच पराग लागतो, त्यामुळे घरचं बी दोन-तीन वर्षं खुशाल चालतं.

माझा राग वेगळाच आहे. फुकटची पिशवी आली की कणगीतलं गावठी बी खाण्यात जातं, आणि पुढच्या वर्षी ते शोधत जव्हार-मोखाड्याच्या सोयऱ्यांकडे जावं लागतं. म्हणून कुणी काहीही वाटलं तरी एका खाचरात आपलं बी लावाच. निसवताना वेगळी दिसणारी झाडं उपटा. बांधाकडेचं सोडून मधल्या पट्ट्यातल्या लोंब्या वेगळ्या झोडा. दाताखाली दाणा कट्ट वाजेपर्यंत वाळवा. पेरणीआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओता, तरंगेल ते काढून टाका, बुडालेलं दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत सुकवा. आपलं बी ठेवण्याचा, वाटण्याचा, ब्रँड न लावता विकण्याचाही हक्क 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला दिला आहे. तरी वाण पक्कं ओळखायचं असेल तर पिशवी असल्यास तिच्यासकट कर्जतचं भात संशोधन केंद्र किंवा कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र गाठा. पिशव्या फेकू नका, पावत्याही.

प्रश्न: मिरचीची पानं वळताहेत. दुकानदारानं टॉनिक दिलंय, मारू का?
नको. पानं वळण्याचा हा रोग, चुरडामुरडा, फुलकिड्यांनी, कोळ्यांनी किंवा विषाणूनं होतो. तिन्हींचा इलाज वेगळा, आणि टॉनिक त्यातल्या एकावरही चालत नाही. फांदी घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) दाखवा.

प्रश्न: राब भाजणं (रोपं करायच्या जागेवर फांद्या-पाला जाळणं) वाईट असं आम्ही पाड्यावर सांगावं का?
असं तोंडावर सांगू नका. राबानं तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते, रोप मुळासकट सुटून येतं. अडचण फांद्यांची आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत फांद्या तोडल्या तर गुन्हा दाखल होतो. गादीवाफ्यात (उंच केलेल्या वाफ्यात) भाताच्या तुसाची राख मिसळून एक वाफा करून दाखवा. पटलं तर ते करतील.

प्रश्न: पाड्यावरच्या मावशींकडून घेतलेली शेवळं (पावसाळी रानभाजी) खाऊन घसा खाजला. फवारणी असेल का?
नाही, शेवळं खाजरीच असतात. काकडं (आंबट रानफळं) किंवा चिंच घालून नीट शिजवा. श्वास अडला तर थेट डॉक्टर.

प्रश्न: जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसतो, सातबारा नाही. एक जण पैसे घेऊन करून देतो म्हणतो.
एक पैसाही देऊ नका. 2006 च्या वनहक्क कायद्यात आदिवासींसाठी 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा बघतात, मर्यादा 4 हेक्टर, आणि दाव्याचा नमुना फुकट मिळतो. मात्र तुमची जमीन वन म्हणून नोंदलेली आहे की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं. जुन्या पावत्या, वडीलधाऱ्यांचे जबाब गोळा करून उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा, सोबत जाणकार वकील असू द्या. पावसाळा संपायची वाट बघू नका.