पेनकिलरने दुखणं खरंच कमी झालं हे ट्रायलमध्ये कसं मोजतात? त्याला काही मशीन असतं का?

मशीन नाही ओ. बीपी मोजता येतं तसं दुखणं नाही येत, पेशंट सांगेल तेच रीडिंग, म्हणून सगळी खटपट त्या सांगण्यावर भरवसा ठेवता यावा यासाठीच असते. ० ते १० मधला आकडा विचारतात, नाहीतर १०० मिलिमीटरची रेघ देऊन तिच्यावर खूण करायला लावतात. माझं सोलापुरात मेडिकल आहे, विड्या वळणाऱ्या बायका मान-खांद्यासाठी गोळी मागायला येतात, एका मावशींना सहज आकडा विचारला तर म्हणल्या, "सोळा आणे दुखायलंय बग", आणि दुसऱ्या दिवशी "आठ आणे राहिलंय". ट्रायलमध्येसुद्धा बऱ्याचदा हेच बघतात, निम्मं दुखणं किती जणांचं गेलं.

नवीन गोळीसाठी आवडता पेशंट म्हणजे अक्कलदाढ काढलेला. वय तरुण, दुसरा आजार नाही, ऑपरेशन सगळ्यांचं जवळपास सारखंच आणि भूल उतरली की दुखणार हे ठरलेलं. दुखणं पुरेसं वाढलं की मगच गोळी देतात आणि दोन स्टॉपवॉच सुरू करतात, पहिलं पेशंटने जरा फरक वाटला की थांबवायचं, दुसरं खरंच बरं वाटलं की. कुणाला कुठली गोळी दिली हे पेशंटलाही माहीत नसतं आणि नोंद घेणाऱ्यालाही नसतं.

गोची प्लासिबोची आहे. औषध नसलेल्या गोळीनेही काहींना खरंच आराम पडतो, १९७८ मध्ये अशाच दाढ काढलेल्यांवर अभ्यास झाला, त्यात नॅलॉक्सोन, म्हणजे मॉर्फिनसारख्या औषधांचा परिणाम अडवणारं औषध, दिल्यावर तो आराम कमी झाला, म्हणजे शरीर स्वतःच मॉर्फिनसारखं काहीतरी सोडत असणार. म्हणून तीन गट करतात, नवीन औषध, प्लासिबो आणि आयबुप्रोफेनसारखं जुनं खात्रीचं. जुनंच जर प्लासिबोला हरवू शकलं नाही तर ट्रायलच फसली म्हणायची, नव्या औषधाला नावं ठेवून उपयोग नाही.

आणि प्लासिबोवाल्याला तळमळत ठेवतात का, तर नाही, सहन होईना म्हणला की रेस्क्यूची गोळी देतात. फक्त तिथून पुढचा आराम मूळ गोळीच्या खात्यात धरत नाहीत, नाहीतर प्लासिबोच रेस्क्यूच्या जिवावर जिंकायचा.